दहा ते चार, एक माणूस

रंभाबाईला राग आला की आधी तिचा पदर कमरेला जातो आणि मग तोंड उघडतं. हळदबोडीतल्या लोकांना हा क्रम पाठ आहे. पदर खोचलेला दिसला की पुरुषमंडळी पानठेल्याच्या मागच्या अंगाला सरकतात, आणि बाया चुलीवर काहीतरी उतू चालल्यासारखं करून घरात पळतात. त्या वर्षीच्या रोवण्यात, म्हणजे भाताच्या लावणीत, तर तो पदर महिनाभर जवळजवळ सुटलाच नाही.

एवढा राग कोणाचा म्हणाल तर एका पोरीचा. म्हणजे पोरीवर नाही, पोरीपायी.

रंभाबाई गावची अंगणवाडी सेविका. चोवीस वर्षं झाली. आज जे मिशी फुटलेले गडी मोटरसायकल उडवत ब्रह्मपुरीच्या कॉलेजात जातात, त्यातल्या अर्ध्यांची नाकं तिने पुसलेली आहेत, आणि हे ती त्यांना विसरू देत नाही. भर बस थांब्यावर, चार पोरींच्या देखत विचारते, "काय गा, आता तरी चड्डी सांभाळता येते ना?" मदतनिसाची जागा दोन वर्षांपासून रिकामी आहे. त्यामुळे खिचडी तिनेच शिजवायची, बावीस लेकरं तिनेच बसवायची, त्यांची वजनं करायची, आणि वरून मोबाईलला एकेकाचं तोंड दाखवत बसायचं. लेकरू समोर ताट चाटत असतं आणि मोबाईल म्हणतो, थांबा, ओळख पटत नाही. "मले पटली ना ओळख!" असं ती मोबाईललाच ओरडून सांगते. मोबाईल ऐकत नाही. गावही ऐकत नाही. पण गावाचं पुढे येईलच.

तर जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात, दुपारी लेकरं घरी सोडून ती बांध्यांकडे, भाताच्या खाचरांकडे निघाली होती. तान्ही लेकरं असलेल्या बाया घरी सापडत नव्हत्या, म्हणून नोंदवही घेऊन त्यांच्या मागे रानात. भुरभुर पाऊस होता. बांधीत बारा बाया एका ओळीत वाकलेल्या, अंगावर प्लास्टिकचे कागद, हातात पऱ्ह्यांच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या जुड्या, आणि मागे सरकत सरकत रोवणं चाललेलं. बांधीच्या कडेला धुऱ्यावर मोहाचं झाड. त्याच्या फांदीला जुन्या लुगड्याचा झोका, आणि झोक्यात अजय, सव्वा वर्षाचा, मुठी आवळून झोपलेला. झोक्याची दोरी त्याच्या बहिणीच्या हातात. दिव्यानी, वय वर्षं आठ, इयत्ता तिसरी.

"काय वं दिव्यानी, शाळा?"

"रोवणा झाल्यावर जाईन, मॅडम."

"आन् रोवणा कधी होते?"

"मायले माहीत."

पोरीच्या मांडीखाली एक प्लास्टिकची थैली होती. रंभाबाईने ती ओढून पाहिली. आत मराठीचं पुस्तक, एकाच ठिकाणी इतक्या वेळा उघडलेलं की आपोआप तिथेच उघडत होतं. पान चौदा.

"वाच बरं."

दिव्यानीने पुस्तकाकडे न बघता अख्खं पान म्हणून दाखवलं, स्वल्पविरामांसकट.

"आन् पंधरावं?"

"पंधरावं शिकवलं नाई ना गुरुजीनं. म्हंजे, त्यायनं शिकवलं असन. मी नव्हती."

आता इथे दुसरी कोणी असती तर पोरीच्या डोक्यावरून हात फिरवून नोंदवही काखेत मारून पुढे गेली असती. रंभाबाई गेली नाही, त्याला कारण आहे. ती स्वतः चौथीत असताना पाठच्या तीन भावांपायी दोन वर्षं घरी बसली होती. पुन्हा शाळेत गेली तेव्हा सोबतच्या पोरी पुढे निघून गेल्या होत्या, आणि ती धाकट्या पोरांच्या मधोमध उंटासारखी बसायची. ते उंटपण तिच्या मनातून अजून गेलेलं नाही. तिने पदर खोचला आणि धुऱ्यावर उभी राहून बांधीत हाक मारली.

"दामिनी! वो दामिनी! पोरीची शाळा सोडवली काय वं?"

दिव्यानीची आई ओळीतली चौथी. तिने कमर सरळ केली नाही. वाकूनच, पायांमधून उलटं बघत उत्तर दिलं. "सोडवली नाई बाई, थांबवली. सासू तर गेली. माय राह्यते धानोऱ्याकडे. लेकरू ठेवू कोणाजवळ? मी निंगाली तर ओळ तुटते."

हे ओळीचं खरं होतं. बारा जणींनी मिळून गुत्ता घेतलेला असतो, म्हणजे अख्ख्या बांधीचं काम अंगावर. बारा जणी तर बारा जागा. एकीला ताप आला तर तिच्या घरून दुसरी बाई यायला लागते, नाहीतर मीराबाई, म्हणजे टोळीची म्होरकीण, नाव कापते. ओळीत भोक चालत नाही.

रंभाबाईने परतीच्या वाटेवर हिशेब मांडला. बाया सात वाजता निघतात. सात ते दहा लेकरं आपण अंगणवाडीत घेऊ. तीन वर्षांखालच्यांना तिथे बसवायचं नाही असा नियम आहे, पण नियमाचं तोंड आपण बघून घेऊ. दहाला आपली बावीस येतात आणि शाळेची घंटा होते. चारला शाळा सुटते. म्हणजे तान्ह्यांजवळ दहा ते चार एक माणूस बसला की झालं. फक्त एक माणूस. एकशे सत्तर घरांच्या गावात एक माणूस.

तिला वाटलं, हे काम संध्याकाळपर्यंत होईल. चोवीस वर्षं या गावात काढूनही बाई इतकी भोळी राहिली, याचंच आश्चर्य.

पहिला मान बापाचा, म्हणून ती सुरेंद्रकडे गेली. दिव्यानीचा बाप पहाटे बोडीवर, गावच्या तळ्यात जाळं टाकतो, मासोळी घेऊन ब्रह्मपुरीला जातो आणि दहाच्या आत घरी येतो. त्यानंतर दिवसभर ओसरीत बसून फाटलेलं जाळं विणतो. म्हणजे अगदी दहा ते चार.

"भाऊ, तुम्ही तं घरीच राह्यता ना?"

"घरी राह्यतो बाई, पण कामात राह्यतो. जाळं विणाचं असते."

"मंग विणा ना. लेकरू बाजूले खेळन."

"लेकरू जाळ्यात अटकते."

"सोडवा मंग. मासोळ्या सोडवता तसा."

सुरेंद्र हसला. माणूस वाईट नाही, दारूबिरूही नाही. पण म्हणाला, "बाप्यानं लेकरू घेऊन बसलेलं बरं दिसते काय बाई? पोट्टे नाव ठेवतीन." हे बोलताना शेजारच्या शेळीचं पिल्लू त्याच्या मांडीवर झोपलेलं होतं. रंभाबाईने ते नीट पाहिलं. पिल्लू घेतलेलं बरं दिसत होतं म्हणायचं.

मग ती गेली भागीरथाबुढीकडे. भागीरथा सत्तरीची, अजून काठीसारखी ताठ. सकाळी नऊ वाजता देवळाच्या पारावर येऊन बसते, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा, आणि संध्याकाळपर्यंत गावाच्या कारभारावर नजर ठेवते. कोणाच्या कोंबडीने कोणाच्या परसात अंडं घातलं, हे कोंबडीच्या आधी तिला कळतं. दहा ते चार तिला दुसरं काहीच काम नाही.

"मायबाई, सात लेकरं हायेत टोळीतल्या बायांची. तुमी नुसतं बसाचं. मी हाय बाजूच्या खोलीत."

"नऊ काढली म्या," भागीरथाने बोटं दाखवली. "सुनांची अकरा वाढवली. आता माह्या मांडीवर कोणी बसाचं नाई. मांडी माही हाय आता."

रंभाबाईला आतून ते पटलं. म्हणून राग आणखीच वाढला. पटलेल्या गोष्टीचा राग काढायला जागा नसते.

शेवटी तिने पालकसभेत विषय मांडायचं ठरवलं. शनिवारी शाळेच्या व्हरांड्यात सभा भरली. सरपंच रीताबाई, म्हणजे खुर्चीत बसतात रीताबाई आणि बोलतात त्यांचे यजमान गुणवंतराव. त्यांच्या बाजूला हेडमास्तर धनराज गुरुजी, स्वभावाने इतके गरीब की फळ्यालाही विचारून लिहितील. समोर चाळीसेक माणसं. गुणवंतरावांनी घसा साफ केला.

"घर, शाळा आन् गाव," ते म्हणाले, "या तिघायनं मिळून लेकरू वाढवाचं असते. माय एकटी काय काय करन? गुरुजी एकटे काय काय करतीन? गाव पाठीशी पायजे!"

टाळ्या. अशा टाळ्या की गुरुजींच्या टेबलावरचा चष्मा हलला. रंभाबाईचेही डोळे भरून आले, आणि ती उठून उभी राहिली.

"भाऊ, तुमच्या तोंडात साखर पडो. मले गावातून फकस्त एक माणूस पायजे. दहा ते चार. रोवणा संपेपर्यंत."

टाळ्यांचे हात मांडीवर गेले. बाया गुणवंतरावांकडे बघू लागल्या. गुणवंतराव गुरुजींकडे. गुरुजी पंख्याकडे, आणि पंखा तर बंद होता.

"घरच्यायनं पाहाले पायजे तसं तं," मागून कोणीतरी म्हणालं.

"शाळेनं एखादं माणूस द्यावं," दुसरं म्हणालं.

"शाळेत मीच एक माणूस आहे," गुरुजी हळूच म्हणाले.

"हे अंगणवाडीचंच काम नोहे काय?" तिसऱ्याने विचारलं, आणि तिघांचीही सुटका झाली. माना डोलल्या. रंभाबाईने पदर खोचलेलाच होता, आता मुठीही आवळल्या. ती काही बोलणार, इतक्यात गुणवंतरावांना कल्पना सुचली. त्यांना कल्पना सुचली की ते टेबलावर थाप मारतात.

"आपण अंगणवाडी रंगवू! बाहेरून आगगाडी, आतून मुळाक्षरं. आन् गावाच्या शिवेवर बोर्ड: बालस्नेही हळदबोडी! कोण कोण तयार हाय?"

चाळीसच्या चाळीस हात वर. फोटो निघाला. फोटोत रंभाबाईचा हात खाली आहे, पण तो कडेला असल्यामुळे कापला गेला.

आणि मंडळी, काम झालं बरं का. याच गावात एक माणूस मिळत नव्हता, तिथे भिंती घासायला नऊ गडी आले. लेकरांपायी आले, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. दोन दिवसांत आगगाडी तयार. गाडीला सात डबे, प्रत्येक डब्याच्या खिडकीत एक हसरं लेकरू. ऐन रोवण्यात, भर पावसात दिलेला तेलाचा रंग. तो वाळणार कधी? गुणवंतरावांनी दाराला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. "हात लागन लेकराचा, डाग पडन."

आठ दिवस अंगणवाडी बंद. बावीस लेकरं शाळेच्या व्हरांड्याच्या कोपऱ्यात बसली, खिचडी गुरुजींच्या सायकलीशेजारी शिजली, आणि भिंतीवर रंगवलेल्या सात लेकरांना मात्र अख्खी खोली मोकळी मिळाली. रंभाबाई रोज सकाळी भिंतीला बोट लावून बघायची. रोज बोट निळं व्हायचं. त्या निळ्या बोटानेच ती नोंदवहीत लिहायची.

या आठ दिवसांत दोनदा ती धुऱ्यावर जाऊन आली. दुसऱ्यांदा दिव्यानीने तिला पान चौदा उलटं म्हणून दाखवलं. शेवटच्या वाक्यापासून पहिल्या वाक्यापर्यंत. "आता असं बी येते मॅडम," ती खुशीत म्हणाली. रंभाबाईला तिथेच बांधीत बसून रडावंसं वाटलं. रडली नाही, मीराबाईला हाक मारली.

मीराबाई ओळीच्या टोकाला. रुंद हाडाची, कमी बोलणारी. तिला भाषण देऊन उपयोग नाही हे रंभाबाईला ठाऊक होतं, म्हणून तिने टोळीच्या भाषेत विचारलं.

"मीराबाई, तुमच्या ओळीत जागा बारा. खरं?"

"बारा."

"आन् जुड्या फेकाले एक बाई वेगळी राह्यते, ती रोवत नाई. तिचा वाटा कापता काय?"

"काऊन कापन? जुड्या कोणी आणून देल्या नाई तं रोवन काय, बोटं?"

"मंग लेकरं पाहणं बी तसंच काम नोहे काय? लेकरू रडलं की तुमची बाई ओळीतून निंगते. दिवसातून किती खेपा निंगते?"

मीराबाईने पाठ सरळ केली. हे फार कमी वेळा घडतं. मनातल्या मनात खेपा मोजत असावी. मग म्हणाली, "रोज एकीनं बसाचं, पाळीपाळीनं. वाटा पुरा. लेकरांची जागा बी ओळीतलीच जागा समजाची."

असं बोलणं रंभाबाईने चोवीस वर्षांत कोणत्या बैठकीत ऐकलं नव्हतं. तिने चिखलातच उडी मारून मीराबाईचे हात धरले. संध्याकाळी गुणवंतरावांच्या दारात जाऊन किल्ली मागितली. ते "रंग अजून..." म्हणाले, तेव्हा तिने निळं बोट त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याजवळ नेलं. किल्ली मिळाली. त्या दिवशी तिचा पदर सुटला, पहिल्यांदा आणि थोडाच वेळ.

दुसऱ्या सकाळी सातला बाया आल्या, लेकरं ठेवून गेल्या. रंभाबाईने सातही जणांना एका मोठ्या सतरंजीवर घातलं. पाळीची बाई साडेनऊपर्यंत येते असा निरोप होता. मधे तिला शिध्याची गाडी आली म्हणून रस्त्यावर जावं लागलं. पोती मोजून घेण्यात अर्धा-पाऊण तास गेला. तेवढा वेळ रीताबाई खोलीत बसल्या होत्या, सरपंच म्हणून नाही, कुतूहलाने. परत येताना शाळेची घंटा झाली. खोलीत पाऊल टाकलं, आणि पाहते तर रीताबाई निघून गेलेल्या, सतरंजीवर सात लेकरं, आणि मधोमध मांडी घालून, दोन्ही मांड्यांवर एकेक लेकरू थोपटत बसलेली दिव्यानी.

"तू काऊन इथी? पाळी कोणाची हाय?"

"माही," दिव्यानी म्हणाली. चेहरा असा फुललेला की बघवेना. "रोजच माही. मीरामावशी म्हंते, लेकरं तुह्याजवळ राह्यतेत, तुले ओळखतेत. बारा जणी ओळीत राह्यल्या तं काम लवकर होते. आन् मले मॅडम, झालरीचा फ्राक घेऊन देणार हायेत सगळ्या मिळून! ब्रह्मपुरीच्या बाजारातून! माय बी हो म्हणली."

रंभाबाई दाराची चौकट धरून उभी राहिली. झालं होतं ते असं. टोळीला कल्पना आवडली होती. इतकी आवडली की त्यांनी ती सुधारली. लेकरांजवळ एक माणूस पाहिजे, तर तो माणूस आयताच आहे की! पूर्वी धुऱ्यावर एक लेकरू सांभाळायची, आता सावलीत सात. पोरगी खूश, माय खूश, बारा जणी ओळीत, सगळ्यांचं भलं. आपण काय करून ठेवलं हे एकीच्याही ध्यानात आलं नव्हतं.

ती ताडताड गुरुजींच्या वर्गात गेली. एकच खोली, चार इयत्ता.

"गुरुजी, दिव्यानी बाजूच्या खोलीत लेकरं घेऊन बसली हाय, ठाऊक हाय तुम्हाले?"

"हो हो, पाहिलं मी," गुरुजी उत्साहाने म्हणाले. "फार छान व्यवस्था झाली बाई. मी तिची हजेरीसुद्धा लावली. एकाच आवारात आहे ना शाळा आणि अंगणवाडी. आवारात आहे म्हणजे हजर. तिचा खाडा वाचला!"

रंभाबाई न ओरडता वळली. हळदबोडीच्या इतिहासात अशी वेळ आलेली नव्हती. ती अंगणवाडीत गेली आणि अजयला उचलून घेऊन आली. त्याला गुरुजींच्या टेबलाशेजारी खाली ठेवलं. पुन्हा गेली. दोन आणली. त्यातलं एक चौथीच्या रांगेत ठेवलं, एक दप्तरांच्या ढिगावर. चार खेपांत सातही लेकरं वर्गात. पाचव्या खेपेला दिव्यानीचा हात धरून तिला तिसरीच्या जागी बसवलं.

"अहो बाई, हे काय?" गुरुजी खुर्चीवरून उठले, कारण अजयने खुर्चीखालून त्यांचं धोतर धरलं होतं.

"आवारात हायेत ना? लावा हजेरी."

"पण मी शिकवू कसं?"

"मंग ती कशी शिकन?"

एवढं बोलून ती आपल्या बावीस लेकरांकडे निघून गेली आणि चढ्या आवाजात माकडाचं गाणं घ्यायला लागली.

पाच मिनिटांत वर्गाचा बाजार झाला. एकाने खडू खाल्ला. एकीने हजेरीपटावर ओलं केलं. नेमकं दिव्यानीच्या नावावर, असं चौथीची पोरं शपथेवर सांगतात. तीन लेकरं एका सुरात रडत होती आणि पहिली-दुसरीची पोरं त्यांना हसवायला कोंबडा होत होती. दिव्यानी तर रडतच होती. लेकरं वर्गात आली म्हणून नाही. झालरीचा फ्राक गेला म्हणून. रंभाबाईला भिंतीपलीकडून ते रडणं वेगळं ओळखू येत होतं. ती गाणं म्हणत राहिली, पण माकडाच्या टोपीच्या ठिकाणी दोनदा चुकली.

गुरुजींनी एका पोराला गुणवंतरावांकडे पिटाळलं. गुणवंतराव आले, दारातून बघितलं, "हे शाळेच्या अखत्यारीत येते," म्हणाले आणि मोबाईल कानाला लावून निघून गेले. मोबाईल वाजलेला नव्हता. मग सुरेंद्र आला, अर्धवट विणलेलं जाळं खांद्यावर. तो खिडकीतून बघत उभा राहिला. हळूहळू पारावरचा सगळा प्रेक्षकवर्ग शाळेच्या व्हरांड्यात जमला. फुकटचा तमाशा कोणाला नको? सगळ्यात पुढे भागीरथाबुढी, काठी टेकून.

"बरी जिरवली मास्तरची," ती म्हणाली. "पाहा पाहा, ते लेकरू दौतीकडे चाललं. अबे मास्तर, दौत! अरे त्याले उचल ना! असं नाई, मान धर, मान! नऊ महिने वागवलं त्याच्या मायनं, आन् तू थैलीसारखा धरून राह्यला!"

गुरुजींनी लेकरू जास्तच वाकडं धरलं. भागीरथाला ते बघवलं नाही. ती दोन पावलं आत गेली, लेकरू हिसकावून घेतलं आणि खांद्यावर टाकलं. लेकरू गप्प. तेवढ्यात दुसऱ्याने तिचं लुगडं धरलं. तिने खर्रा थुंकायला दाराकडे बघितलं, तर तिसरं पायावर येऊन बसलं होतं. ती खाली बसली. बसली आणि फसली.

हे सगळं रंभाबाई दारातून बघत होती. तिने झटकन सतरंजी आणली, वर्गाबाहेर व्हरांड्यात अंथरली, लेकरं तिकडे हलवली, आणि भागीरथाला म्हणाली, "मायबाई, दोन मिनिटं पाहा, खिचडी लागून राह्यली, आलीच मी."

ती चार वाजता आली.

"दोन मिनिटं झाली काय वं तुही?" भागीरथाने विचारलं. लुगड्याचे तीन कोपरे ओले होते. सहा लेकरं झोपली होती, सातवं तिची काठी चघळत होतं. तिच्या बाजूला, जरा अंतर ठेवून, सुरेंद्र बसून जाळं विणत होता. मी काही लेकरं पाहायला बसलेलो नाही, इथे उजेड चांगला आहे म्हणून बसलो आहे, असं त्याने विचारल्याशिवायच सांगितलं.

"उद्या येता काय मायबाई?" रंभाबाईने विचारलं.

"काऊन येऊ? माही मांडी हाय, म्या सांगतलं होतं तुले." भागीरथाने लेकराच्या तोंडातून काठी सोडवली. "त्या पोट्टीले फ्राक देणार होते म्हंते बाया. मंग मले काय, फ्राकच शिवतीन काय?"

संध्याकाळी मीराबाई लेकरं न्यायला आली तेव्हा हे बोलणं तिच्या कानावर घातलं गेलं. तिने ओल्या लुगड्याकडे बघितलं, मग रंभाबाईच्या कमरेच्या पदराकडे. "पातळ," ती म्हणाली. "हिरवं. आन् पोरीले कबूल केलेला फ्राक बी देऊ, तोंडातून गेला हाय शब्द. पण बुढी, एक बी खाडा चालणार नाई. ओळीतली जागा हाय."

"मले शिकवते," भागीरथा म्हणाली.

रोवणा संपायला आता नऊ दिवस राहिले होते. म्हणजे तीन आठवडे ओरडून रंभाबाईने मिळवले ते नऊ दिवस आणि एक बुढी. तिकडे गुणवंतरावांनी अंगणवाडीचा फोटो काढून वरच्या साहेबांना पाठवला आणि खाली लिहिलं, गावाच्या सहभागातून पाळणाघर सुरू. रंभाबाईला तो फोटो मोबाईलवर आला. फोटोत आगगाडी होती. तिने फोन पालथा घालून ठेवला. दिवाळीच्या आधी धानकापणी येणार होती, आणि तेव्हा हिरव्या पातळाची गोष्ट कोणाच्या लक्षात राहील, हे तिला आत्ताच दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी दहाची घंटा झाली. दिव्यानी खिडकीशी बसली. गुरुजींनी तिच्यासाठी मागचं काढलं, पान पंधरा. तिने नवं पान बोटाने दाबून सपाट केलं, कारण पुस्तक सारखं चौदावर उडी मारत होतं. पहिली ओळ ती अडखळत वाचायला लागली. पाचवा की सहावा शब्द असेल, व्हरांड्यात अजय रडला.

दिव्यानी वाचता वाचता उभी राहिली. बोट पानावर तसंच, मान दाराकडे, एक पाय रांगेच्या बाहेर. तिला स्वतःलाही कळलं नसावं.

"बस खाली!" अंगणवाडीच्या दारातून रंभाबाईचा आवाज आला, हातात खिचडीचा झारा. "त्याले पाहाले माणूस हाय!"

पोरगी बसली. सातव्या शब्दावर अजय पुन्हा रडला, आणि ती पुन्हा उठली.

"बस म्हणलं ना!"

त्या दिवशी ती अकरा वेळा उठली. रंभाबाईने अकरा वेळा बसवली. खिचडी खालून लागली. पान पंधरा चार वाजेपर्यंत अर्धं झालं.